उद्या कोणाकडे काय

तीस वर्षं मी गावाला पाणी सोडलं, आणि तीस वर्षं गावातल्या प्रत्येक वाडीची खात्री होती की मी दुसऱ्या वाडीला जास्त सोडतो. वरचीवाडी म्हणायची, हा बंदरवाडीच्या मासळीला विकला गेलाय. बंदरवाडी म्हणायची, ह्याची सासुरवाडी मधल्यावाडीत, मग काय बोलायचं. मधल्यावाडीत माझी सासू राहायची, आणि तिचं म्हणणं होतं की लोकांनी बोलू नये म्हणून जावई मुद्दाम तिच्या नळाला कमी सोडतो. तिघांपैकी फक्त सासूचं थोडंफार खरं होतं.

आमचं गाव रत्नागिरीहून मालगुंडच्या वाटेवर, खाडीकडे उतरणारं. नाव लिहीत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ती माणसं हयात आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. ग्रामपंचायतीच्या कागदावर मी 'पाणीपुरवठा कर्मचारी' होतो. गावात मला वसंतदादा म्हणत, आणि पाणी आलं नाही तर जे म्हणत ते इथं छापता येणार नाही. मीही काही कमी नव्हतो. माझं डोकं लवकर तापतं, हे बायकोनं सांगायच्या आधी मीच कबूल करतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं, नळ फिरवला की पाणी येतं. नळाच्या मागे एक माणूस उन्हातान्हात चालत असतो. नदीकाठच्या विहिरीतून पंपानं पाणी सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या टाकीत चढवायचं. टाकीतून तीन वाड्यांना तीन लाइनी. प्रत्येक लाइनीवर खड्ड्यात बसवलेला एक व्हॉल्व्ह, आणि तो फिरवायला खांद्याएवढ्या उंचीची लोखंडी किल्ली. उघडायला सोळा फेरे. बंद करताना मात्र हळू, अगदी हळू. घाई केली तर पाणी आतल्या आत धक्का देतं आणि कुठंतरी जोड सुटतो, मग दोन दिवस कातळ खणत बसा. किल्लीच्या वरच्या टोकाला कान लावला की खालचं पाणी ऐकू येतं. आधी फुसफुस, ती हवा. मग खरखर, ती वाळू. मग एकसारखा आवाज लागला की समजायचं, आता कळश्या लागल्या. हे कुठल्या प्रशिक्षणात शिकवत नाहीत. प्रशिक्षणाला मी एकदा गेलो होतो, तिथं आम्हाला हात धुवायला शिकवलं, आणि नेमकं तिथल्या नळाला पाणी नव्हतं.

होळीपर्यंत रोज पाणी असे. होळीनंतर एक दिवस आड. मे महिन्यात टाकी अर्धीसुद्धा भरत नसे, तेव्हा तीन वाड्यांना तीन दिवसांच्या पाळ्या. पाळी म्हणजे पाऊण तास. त्या पाऊण तासात प्यायचं, रांधायचं, धुवायचं, गुरांचं, सगळं भरून ठेवायचं. अशा दिवसांत कुणाकडे कार्य निघालं की तो माणूस मला गाठायचा आणि आवाज खाली आणून म्हणायचा, "दादा, तेवढी धा मिन्टं जास्त सोडा हां."

पाटी सुरू झाली ती यातूनच. एका मे महिन्यात मधल्यावाडीत एकाच दिवशी दोन कार्यं निघाली, एका घरी बारसं आणि दुसऱ्या घरी सत्यनारायण. दोघांनी मला वेगवेगळं गाठलं. मी दोघांना हो म्हटलं आणि दोघांची मिळून तीच दहा मिनिटं सोडली. नळावर बारशाची आत्या आणि पूजेचा यजमान समोरासमोर आले. आत्याच्या हातात कळशी होती. यजमान कपाळाला टेंगूळ घेऊन पूजेला बसला.

मी दुसऱ्याच दिवशी शाळेनं टाकून दिलेला एक फळा उचलला आणि तिठ्यावर, जिथं तिन्ही वाड्यांच्या दगडी पायऱ्यांच्या पाखाड्या रस्त्याला मिळतात आणि एसटी थांबते, तिथल्या पंचायतीच्या खोलीच्या भिंतीवर ठोकला. वर ठळक लिहिलं, 'उद्या कोणाकडे काय'. ज्याला जास्त पाणी हवं त्यानं संध्याकाळी पाचच्या आत मला सांगायचं, मी खडूनं लिहीन, साऱ्या गावाच्या डोळ्यांसमोर. कानात सांगितलेलं चालणार नाही.

पहिला आठवडा लोक लाजले. मग असे सुटले की विचारू नका. 'उद्या मुंबईची सून येणार, ती दोनदा आंघोळ करते' असं एका सासूनं मला लिहायला लावलं, आणि सुनेनं एसटीतून उतरताच पहिलं तेच वाचलं. एक आजोबा दर पंधरा दिवसांनी 'उद्या कलप' असं लिहून घ्यायचे आणि त्यासाठी एक बादली मागायचे. डोक्यावर केस मोजून चौदा. मी एकदा म्हटलं, आजोबा, ह्याला तांब्या पुरेल. दोन महिने बोलले नाहीत माझ्याशी.

मी पाटी लावली ती फक्त पाण्याचं भांडण मिटावं म्हणून. पण माणसं वाचायला लागली की नुसती वाचून थांबत नाहीत. 'उद्या बारसं' वाचून कुणी आपलं मोठं पातेलं आधीच नेऊन द्यायचं. 'उद्या आईला राजापुरास डॉक्टरकडे नेणार' वाचून तिथं बहीण दिलेला माणूस म्हणायचा, दुपारचं जेवण तिच्याकडे करा, मी फोन करतो. मग पाण्याशी काही संबंध नसलेले बेतही यायला लागले. 'उद्या रत्नागिरीत मांडवीला जाणार, कोणाचं काही काम?' असं कुणी लिहून घेतलं की परत येताना त्याच्या पिशवीत चार घरची औषधं, दोन चष्मे आणि एखाद्याचा दुरुस्त केलेला मिक्सर असायचा. गावाच्या मोबाइल ग्रुपवर सकाळी सुप्रभातची फुलं यायची, तीही सड्यावर चढल्याशिवाय उतरायची नाहीत. पाटीला रेंज लागत नव्हती.

एक रीत मात्र कुणी न ठरवता पडली. गावात कुणी गेलं की मी पाटी पुसून टाकायचो. बारसं, पूजा, मांडवी, सगळं पुसून पाटी कोरी. नाव लिहायचं नाही. स्मशानातून आलेल्या माणसांना आंघोळीला पाणी लागतं, घर धुवायला लागतं. तेव्हा कोरी पाटी दिसली की ज्या वाडीत मर्तिक तिला सोडून बाकीच्या वाड्या आपले नळ उघडतच नसत. मला कधी सांगावं लागलं नाही. एसटीतून उतरणारा माणूस पाटीकडे बघायचा, चप्पल हळू टाकायला लागायचा आणि पहिला भेटेल त्याला विचारायचा, "कोण?"

आता सुलभावहिनींचं सांगतो. त्यासाठीच लिहायला बसलोय.

वरच्यावाडीतलं शेवटचं घर त्यांचं. लाइनीतला शेवटचा नळ, त्यामुळे पाणी सर्वांत उशिरा आणि सर्वांत बारीक. नवरा लवकर गेला. एकुलता एक मुलगा निलेश, जहाजावर खलाशी. शेवटच्या नळाची माणसं बहुतेक माझ्या नावानं बोटं मोडायची. ह्या बाईंनी कधी आवाज चढवला नाही. करंगळीएवढ्या धारेखाली कळशी लावून त्या तांदूळ निवडत बसायच्या.

त्या वर्षी होळी झाल्यावर एका संध्याकाळी त्या पाटीपाशी आल्या. "दादा, लिवा. उद्या निलेश येतोय." चेहरा असा उजळलेला की मी शेजारी दोन फुलंसुद्धा काढली. त्या म्हणाल्या, "पानी आदी नका सोडू. तो दारात आला की सोडा. दुसऱ्यांचं कशाला घालवायचं?"

निलेश दुसऱ्या दिवशी आला नाही. त्याचा फोन आला, की अजून कागद झालेले नाहीत, एजंट म्हणतो उद्या. वहिनी संध्याकाळी पुन्हा आल्या. "लिवा, उद्या निलेश येतोय." मी लिहिलं. तिसऱ्या दिवशीही लिहिलं. आठवडा झाला, पंधरवडा झाला, रोज संध्याकाळी पाचला त्या यायच्या, तेच वाक्य सांगायच्या आणि मी तेच लिहायचो.

खरं काय चाललंय ते मला अब्बासचाचांनी समजावलं. बंदरवाडीचे अब्बासचाचा जहाजावर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. साऱ्या दुनियेची बंदरं बघून आता अंगणात जाळी विणत बसायचे. ते म्हणाले, "वसंता, मालकानं हात वर केलेन. असं होतं. मालक गायब झाला की जहाज बंदराबाहेर नांगर टाकून पडतं. खलाशी उतरतो म्हटला तर बंदरवाले उतरू देत नाहीत, जहाज सांभाळणार कोण? जेवण संपतं. पाणी मापून मिळतं. आमच्या वेळी एक पोरगा असा दीड वर्षं अडकलेला."

"वहिनींना ठाऊक आहे?"

"आईला सगळं ठाऊक असतं," चाचा म्हणाले आणि पुन्हा जाळीत मान घातली.

त्यांना ठाऊक होतं. निलेश दर रविवारी कुणाच्या तरी फोनवरून दोन मिनिटं बोलायचा. वहिनींनी मला एकदा सांगितलं, "मानशी दोन बाटल्या पानी देतात दिवसाला. प्यायचं ते, रांधायचं ते. आंघोळ खाऱ्या पान्याची. मना म्हनाला, आये, काय नको, एकदा गोड्या पान्यानं न्हायचंय." आणि मग त्यांनी मला विचारलं, "तुमी सोडाल ना दादा तेवा? भरपूर?" मी म्हटलं, वहिनी, टाकी रिकामी करीन. बोलायला काय जातं.

मग रविवारचा फोन थांबला. एक रविवार गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

निवृत्त गुरुजी मला एकदा तिठ्यावर अडवून म्हणाले, "वसंता, ती ओळ पुसून टाक. बाई आशेवर झुरतेय आणि तू तिला रोज खडूनं फसवतोयस." मी त्यांच्यावर उखडलो, नको ते बोललो. पण घरी येऊन विचार केला तेव्हा कळलं की मी ती ओळ भल्या मनानं वगैरे लिहीत नव्हतो. मला भीती वाटत होती. 'नको वहिनी, आज नको लिहू या' हे तोंडातून कसं काढायचं ते मला समजत नव्हतं, म्हणून मी लिहीत होतो.

आणि मग माझ्या हातून ते झालं.

फळ्याचा काळा रंग पार विटला होता, खडू उमटत नव्हता. माझ्याकडे फाटकाचा काळा ऑइलपेंट थोडा उरला होता. एका दुपारी, जेवणवेळेला, समोरचं दुकान बंद आणि तिठ्यावर चिटपाखरू नाही अशा वेळी मी फळा पुसला आणि रंग फासला. संध्याकाळी सुकला की लिहू म्हटलं. मधल्यावाडीचा व्हॉल्व्ह गळत होता, त्याच्या दांड्याभोवती गुंडाळायची दोरी आणायला रत्नागिरीला जायचं होतं. दोनची एसटी दिसली, हात पुसत पुसत चढलो. मोबाइल पंपावर चार्जिंगला राहिला. पाटीला रंग लावलाय हे कुणाला सांगितलं नाही.

साडेपाचला परतलो. एसटीतून उतरलो तर दुकानाची एक फळी तेवढी उघडी, आणि दुकानदार बाबू आत काळोखात उभा. वरच्यावाडीची पाळी होती, पंपवाल्या माणसानं माझ्या पाठीमागे व्हॉल्व्ह उघडायचा असं ठरलं होतं, पण पाखाडीवर एक बाई नाही, एक हंडा नाही. माझी नजर पाटीवर गेली. स्वच्छ, काळी, कोरी. आणि शपथेवर सांगतो, मी स्वतःच्या हातानं रंग लावून गेलेला माणूस, मीच विचारलं.

"कोण गेलं रे, बाबू?"

बाबूनं फळीतून डोकं बाहेर काढलं. "आमाला काय इचारताव? पाटी तुमीच पुसलाव."

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला दोन क्षण गेले. मग मी हातातली पिशवी तिथंच टाकली आणि पाखाडी चढत धावलो.

झालं होतं असं. तीन वाजता कुणीतरी पाटी कोरी बघितली. गावात कोण गेलं याची चौकशी झाली. तिन्ही वाड्यांत सगळे जिवंत. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की पाटीवर महिनाभर असलेली एक ओळही पुसलेली आहे. वसंतदादा गावात नाहीत, फोन उचलत नाहीत, घाईघाईनं रत्नागिरीला गेलेत. अशी बातमी घरच्यांना सगळ्यांत शेवटी सांगायची असते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. कुणी काही बोललं नाही. आपापल्या चुली विझवून, नळ बंद करून माणसं एकेक करत सुलभावहिनींच्या अंगणात, खळ्यात येऊन बसली. आणि वहिनींनी माणसं बघितली. त्यांना मग कुणी काही सांगायची गरजच उरली नाही.

मी पोचलो तेव्हा शंभरेक माणूस खळ्यात होतं. वहिनी पडवीत खांबाला टेकून बसल्या होत्या. डोळे कोरडे. मला बघून म्हणाल्या, "दादा, कोनी कळवलंन तुमाला?"

मला धाप लागली होती. "वहिनी, कोणी नाही. काही नाही झालेलं. मी रंग लावला. पाटीला रंग लावलाय नुसता."

"खोटं नका बोलू. मी रडनार नाय. सांगा."

मी हात पुढे केले. नखांत, बोटांच्या पेरांत काळा रंग होता. त्या बघत राहिल्या. त्यांचा विश्वास बसेना. त्या उठल्या, पायात काही न घालता पाखाडी उतरायला लागल्या. मागे मी, माझ्यामागे सारं गाव. तिठ्यावर येऊन त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या आणि उजव्या हाताचा पंजा पाटीवर दाबला. पंजा चिकटला. काढला तेव्हा काळाभोर. रंग सुकला नव्हता अजून.

मग मात्र त्यांनी मला जे झोडपलं! तीस वर्षांत मला 'दादा' आणि 'अहो' म्हणणारी बाई. "मेल्या, रंग लावायचा तर सांगून लाव ना! माजा जीव घेतलास! माज्या पोराला मारलंस तू दुपारपासनं!" त्याच काळ्या हातानं माझ्या छातीवर मारत होत्या, आणि मारता मारता त्यांना रडू फुटलं. माझंही सुटलं. गुरुजी शेजारी उभे होते, त्यांनी चष्मा काढला. तो सदरा बायकोनं पुढे तीनदा धुतला. डाग काही गेला नाही, आणि मीही तो टाकला नाही.

कुणाच्याच घरी चूल पेटलेली नव्हती. घरी जायला कुणी उठेना. शेवटी माझ्याच बायकोनं वहिनींची चूल पेटवली. कुणी कुळथाचं पीठ आणलं, कुणी तांदूळ, बंदरवाडीतून सुके बांगडे आले. सगळं गाव त्या खळ्यात पिठलं-भात जेवलं. पंपवालाही खळ्यातच होता, म्हणून व्हॉल्व्ह मी जाऊन उघडला, आणि ज्यांची पाळी होती तेही भांडी घासायला तिथंच थांबले, तेव्हा घरी जाऊन पाणी भरणार कोण! वहिनींनी मला वाढताना विचारलं, "लागलं का ओ फार?" मी मान खाली घालून जेवलो.

जेवणं होत आल्यावर अब्बासचाचा उठले. फार न बोलणारा माणूस. म्हणाले, "आज सगळा गाव रडायला जमला. पोरगा जिवंत हाय. आता कामाला जमायचं का?"

त्यांना कुठं अर्ज करायचा, कुठल्या खात्याला लिहायचं, जहाजाचा कुठला नंबर लागतो हे सगळं ठाऊक होतं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं. आम्हाला वाटत होतं, रोज ती ओळ वाचून हळहळलो की आपलं झालं. गुरुजींनी तिथंच कंदिलासारखा मोबाइल धरून अर्ज लिहिला. मग प्रश्न आला पाठपुराव्याचा. रत्नागिरीच्या कलेक्टर कार्यालयात रोज खेपा घालणार कोण? वहिनींना ते जमणारं नव्हतं, मला पाणी सोडून जाता येत नव्हतं.

पाटी त्या वेळी कामाला आली. रोज कुणी ना कुणी रत्नागिरीला जाणारच असायचं आणि ते मला पाटीमुळे आदल्या संध्याकाळी कळायचं. मी अर्जाची एक प्रत त्या माणसाच्या हातात द्यायचो. तुझं काम करून ये, आणि जाता जाता तिथं डोकावून एवढंच विचार, निलेशचं काय झालं? रोज वेगळा माणूस आणि रोज तोच प्रश्न. एक जण दात काढून थेट तिथं गेला. तोंडात कापूस, बोलता येईना, त्यानं नुसता अर्ज पुढे धरला. एक बाई बाजारातून कोंबडी घेऊन गेल्या आणि कोंबडी टेबलाखाली शिरली. कलपवाले आजोबासुद्धा गेले, केस काळे करून. तिथल्या टेबलावरच्या बाई भल्या निघाल्या. त्यांनी मुंबईला फोन लावले, ईमेल पाठवले, वरच्या साहेबांना भंडावून सोडलं. पुढे मला त्या म्हणाल्या, "अहो, मी घरी गेले की माझा मुलगा दारातच विचारायचा, आई, आला का गं तो निलेश?"

आमच्यामुळेच तो सुटला असं मी म्हणणार नाही. कुठल्या टेबलावरचा कागद कुणी हलवला, परदेशात कोण चांगली माणसं होती, मला माहीत नाही. पण अर्ज दिल्यापासून पाचव्या रविवारी वहिनींचा फोन वाजला. निलेशच होता. जहाजावरचे फोन चार्ज करायला वीजच उरली नव्हती, म्हणून बोलणं थांबलं होतं. आता सगळ्या खलाशांना किनाऱ्यावर आणलं होतं. तारीख मात्र अजून सांगता येत नव्हती.

तो आला मे महिन्याच्या शेवटी, सकाळी अकराच्या एसटीनं, कुणालाही न कळवता. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी. मी तिठ्यावर नुकताच बंदरवाडीचा व्हॉल्व्ह उघडून उभा होतो. आधी मला ओळखू येईना. गालफडं बसलेली, कातडीवर पांढरे चट्टे. "दादा," एवढंच म्हणाला.

तिसऱ्या दिवसाची बंदरवाडीची पाळी, तीही जेमतेम भरलेल्या टाकीतून. मी किल्ली धरून तसाच उभा राहिलो. अब्बासचाचा आपल्या नळावरून वर आले, त्यांनी निलेशला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि मला म्हणाले, "बघतोस काय? फिरव. आमी उद्या भरू."

"चाचा, बायका काय म्हणतील?"

"फिरव म्हणतो ना!"

मागे बंदरवाडीच्या पाच-सहा बायका रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या होत्या. एकीनं कळशी उपडी केली आणि कमरेला लावून घराकडे वळली. बाकीच्या तिच्यामागे गेल्या.

मी बंदरवाडीचा बंद केला, वरच्यावाडीचा उघडला, सोळाच्या सोळा फेरे. आणि मग माझ्या लक्षात आलं की उपयोग नाही. वहिनींचं घर शेवटचं. मे महिन्यात वाटेतल्या चाळीस घरांनी भरून घेतल्याशिवाय तिथं थेंब पोचत नाही, आणि अवेळी पाणी आलं की वरचीवाडी तुटून पडते. मी किल्ली खांद्यावर टाकून पाखाडी चढायला लागलो, घरोघरी हात जोडायचे म्हणून. पहिल्या घराशी आलो. नळ बंद. त्याच्याखाली रिकामा हंडा, आणि घरातली बाई दारात नुसती उभी. दुसऱ्या घराशी नळ बंद. तिसऱ्या घरी म्हातारी नळाच्या तोटीवर तळहात ठेवून बसली होती, न जाणो कुणी उघडला तर. निलेश एसटीतून उतरल्याची वर्दी माझ्या आधी वर पोचली होती. चाळीस घरांतला एक नळ उघडला गेला नाही. तीस वर्षं ज्यांच्याशी मी एकेका हंड्यावरून तंडलो ती ही माणसं. पाखाडीच्या मध्यावर मी थांबलो, किल्ली टेकली आणि डोळे पुसले. कुणी बघत असेल तर बघू दे म्हटलं.

शेवटच्या घरी नळाला अशी धार लागली होती की कळशीत पडून पाणी बाहेर उडत होतं. बायकांनी न्हाणीतली दोन्ही पिंपं भरली, घंगाळ भरलं. निलेश आत गेला. दोनच मिनिटांत बाहेर आला, ओले केस, खांद्यावर टॉवेल. वहिनींनी आत डोकावून बघितलं. पाणी तसंच्या तसं होतं. त्यानं अर्धी बादलीसुद्धा वापरली नव्हती.

"न्हायलास नाय?"

"न्हायलो की, आये. बस्स झालं. बाकीच्यांना लागंल."

बाकीचे म्हणजे कोण, हे त्याला विचारायला कुणाची छाती झाली नाही. वहिनींनी त्याच्या खांद्यावरचा टॉवेल काढून दोरीवर टाकला, अठ्ठावीस वर्षांच्या त्या बाप्याचा दंड धरला आणि त्याला पुन्हा न्हाणीत नेलं. खळ्यातल्या बायकांनी तोंडं फिरवली. आतून तांब्यामागून तांब्या ओतल्याचा आवाज येत राहिला. मधूनच तो म्हणाला, "आये, पुरे," आणि पुन्हा तांब्या पडला.

पाणी सुरू करून पाऊण तास कधीच उलटून गेला होता. व्हॉल्व्ह बंद करायला मी जायला हवं होतं. मी खळ्याच्या दगडी गडग्यावर बसून राहिलो. आतून सुलभावहिनींचा आवाज आला, "डोळे मीट रे, साबन जाईल."